शेवटची चार पानं

डिझायनर मुलीने पुस्तक टेबलावर ठेवलं, त्याच्यावर नवा कोरा खोडरबर ठेवला आणि म्हणाली, "काका, मागच्या चार पानांवर कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलंय. स्कॅन केलं की सगळं काळं येतं. तेवढं पुसून द्याल का? मी लाल रेघा मारल्यात कुठे कुठे ते. चार वाजता मशीन मोकळं होतंय, त्याआधी द्या म्हणजे झालं." मुद्रितशोधक 'हो' म्हणाला. सदतीस वर्षं तो ह्या छापखान्यात 'हो'च म्हणत आला होता, त्यामुळे जीभ आपसूक वळली. मुलगी गेल्यावर त्याने चष्मा पुसला, कारण काम लहान असलं तरी चष्मा पुसल्याशिवाय त्याचा हात चालत नसे. मग त्याने पुस्तक मागून उघडलं, खोडरबर हातात घेतला, आणि पानावर बाबांचं अक्षर दिसलं.

अक्षर ओळखायला त्याला वेळ लागला नाही. हजारो लोकांची अक्षरं वाचून त्याचं आयुष्य गेलं होतं, पण असं अक्षर त्याने दुसऱ्या कुणाचं पाहिलं नव्हतं. मोठं, चौकोनी, प्रत्येक अक्षर शेजारच्यापासून हातभर लांब. बाबा हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत होते. फाटलेल्या चादरी शिवायच्या, उशांचे अभ्रे मोजून द्यायचे, आणि प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर न धुतल्या जाणाऱ्या काळ्या शाईने वॉर्डाचा नंबर टाकायचा. कापडावर शाई पसरते, म्हणून अक्षरं दूर दूर काढावी लागतात. तीस वर्षं तसं लिहून बाबांचा हात तसाच बसला होता. पाहुण्यांना लिहिलेलं पत्रसुद्धा भट्टीतून धुऊन आल्यासारखं दिसायचं. आई म्हणायची, "पत्र लिहिताय की पाहुण्यांना वॉर्डात भरती करताय?" आणि बाबा हसायचे. ते हसताना आवाज व्हायचा नाही, फक्त खांदे हलायचे. मुद्रितशोधकाला ते खांदे आत्ता, ह्या खिडकीतून समोरची भिंत आणि भिंतीवरचा नळाचा पाइप एवढंच दिसणाऱ्या खोलीत, स्पष्ट दिसले, आणि त्याने खोडरबर खाली ठेवला.

पुस्तकाचं नाव होतं 'खंबीर पुरुष'. खाली बारीक टाइपात 'ख्रिस्ती पतीसाठी आणि पित्यासाठी अकरा धडे'. मागे मूळ लेखकाचा फोटो, कुठल्याशा परदेशातला धर्मोपदेशक, चौकड्यांचा शर्ट, खांद्यावर कुऱ्हाड. धाकट्या साहेबांनी ते पुन्हा काढायचं ठरवलं होतं, कारण सध्या अशा पुस्तकांना मागणी होती. कचेरीतली प्रत वाळवीने खाल्ली होती, म्हणून त्यांनी चर्चमध्ये सूचना लावली आणि चर्चच्या वाचनालयातून ही प्रत आली. वाचनालयात ती कशी गेली हे मात्र दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती. बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. घर आवरताना मुद्रितशोधकानेच त्यांची पुस्तकं एका खोक्यात भरली होती आणि खोकं चर्चच्या ओट्यावर नेऊन ठेवलं होतं. एकही पुस्तक उघडलं नव्हतं. लोकांची पुस्तकं काना-मात्रेसकट वाचायची आणि बापाची उचलून द्यायची, असा तो प्रकार. त्या वेळी त्याला आपण फार व्यवहारी वागलो असं वाटलं होतं.

ह्या सदतीस वर्षांत त्याच्या टेबलावरून पुरुषांवरची पुस्तकं किती गेली ह्याला गणती नव्हती. छापखाना धार्मिक, त्यामुळे स्त्रियांसाठी सहनशीलतेची, मुलांसाठी आज्ञाधारकपणाची आणि पुरुषांसाठी पुरुषपणाची पुस्तकं निघायची, आणि सगळ्यात जास्त पुनर्मुद्रणं पुरुषांची व्हायची. बाकीच्यांना बहुधा एकदा सांगून कळत असावं. सुरुवातीला ह्या पुस्तकांतला पुरुष शिपाई होता. त्याच्या हातात ढाल असायची आणि घर म्हणजे गड. मग काही वर्षांनी तो जहाजाचा कप्तान झाला, वादळ आलं की बायको खाली जाऊन प्रार्थना करायची आणि हा सुकाणू धरायचा. पुढे तो संघाचा प्रशिक्षक झाला, गळ्यात शिट्टी अडकवून. अलीकडच्या पुस्तकांत त्याला रडायची परवानगी मिळाली होती, पण नवव्या प्रकरणात, तेही डोंगरावर, एकट्याने, आणि दहाव्या प्रकरणात तो उठून पुन्हा नेतृत्व करायचा. दोन खोल्यांच्या घरात राहणारे, पाण्यासाठी रांगेत उभे राहणारे, साहेबापुढे मान खाली घालणारे वाचक ही पुस्तकं घेऊन जायचे आणि लाकडं फोडायला लाकूड नाही म्हणून बायकोवर आवाज चढवायचे. प्रभूने स्वतः शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट अशा पुस्तकात एखाद्या वेळेस यायची, पण तिथे लेखक नेहमी घाईत असायचा. हे मुद्रितशोधकाच्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं तरी बोलायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. चुका छपाईच्या काढायच्या, लेखकाच्या नाही.

पण शेवटची चार पानं लेखकाची नव्हती. ती त्याची स्वतःची होती, आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं, एक तो आणि दुसरे मोठे साहेब, जे आता हयात नव्हते. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता. छापखान्यात लागून चार महिने झाले होते आणि 'खंबीर पुरुष' हे त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलेलं पहिलं पुस्तक. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. एका मोठ्या कागदावर सोळा पानं, घडी घातली की एक फर्मा. मजकूर अकराव्या फर्म्याच्या बाराव्या पानाला संपला आणि चार पानं कोरी उरली. मोठ्या साहेबांना कोरं पान पाहवत नसे. "कोरं पान म्हणजे उष्टं टाकलेलं ताट," असं ते म्हणायचे. जाहिराती आधीच्या पुस्तकात देऊन झाल्या होत्या. ते त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस. आत्मपरीक्षणाचे सहा-सात प्रश्न लिही, प्रत्येकाखाली तीन रेघा टाक. लोकांना लिहायला आवडतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हवं." त्याने जेवणाच्या सुट्टीच्या आधीच ते दिलं. प्रश्न सुचायला त्याला वेळ लागला नाही, कारण सगळे प्रश्न एकाच माणसाला विचारायचे होते. तो माणूस त्या वेळी हॉस्पिटलच्या तळघरात सुई तोंडात धरून बसलेला होता.

लहानपणापासून त्याला बाबांची लाज वाटायची. हे वाक्य त्याने मनातल्या मनात कधीच पुरं केलं नव्हतं, आज केलं. इतरांचे बाप मोठ्याने बोलायचे, दारं आपटायचे, चर्चच्या पुरुष मंडळात उठून देवाच्या कृपेची साक्ष द्यायचे. बाबा मागच्या बाकावर बसायचे आणि शर्टाच्या कॉलरला सुई टोचून ठेवलेली असायची, ती उपासनेतसुद्धा काढायचे विसरायचे. पुरुष मंडळात त्यांना 'शिंपीणबाई' म्हणत. चिडवत नसत, मायेनेच म्हणत, आणि तेच जास्त झोंबायचं. घरी आईचा आवाज चालायचा. आई शाळेत शिकवायची, तिचा आवाज चाळीस पोरांना पुरेल एवढा होता आणि घरात तिघंच. बाबा बहिणीचे केस विंचरून द्यायचे, भांडी घासायचे, आणि कशालाही त्यांचं एक उत्तर ठरलेलं, "घाई नाही." बस सुटत असली तरी घाई नाही, निकाल लागला नसला तरी घाई नाही. मुद्रितशोधकाला अजूनही रस्त्यात कुणी 'घाई नाही' म्हटलं की मान वळवून बघावंसं वाटे. त्यात राग होता असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. आज तो बघत बसला तर राग कुठे सापडेना, नुसती एक दुपार सापडली, घासलेट आणि साबणाच्या वासाची, बहिणीच्या ओल्या केसांतून कंगवा फिरतो आहे आणि बाबा गाठ सोडवताना जणू केसांनाच सांगताहेत, घाई नाही.

आणि ती दुसरी दुपार. ती विसरायची सोयच नव्हती, कारण तिच्यातूनच सहावा प्रश्न निघाला होता. तो बारा वर्षांचा. घरमालक जिना चढून आला. जिन्यात सायकल ठेवण्यावरून काहीतरी होतं. घरमालक दारातच उभा राहून ओरडायला लागला, शेजारचे दरवाजे एकेक करून उघडले. बाबा दारात उभे. दोन्ही हात पाठीमागे, वर्गात शिक्षा झालेला मुलगा उभा राहतो तसे. मान थोडी वाकलेली, कॉलरला सुई. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणत होते. "उद्यापासून खाली ठेवतो. बरोबर आहे." घरमालक त्यांना बायल्या म्हणाला, तेही सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, तरी ते 'बरोबर आहे' म्हणाले. शेवटी आई शाळेतून आली आणि तिने दोन वाक्यांत त्याला जिना उतरायला लावला. शेजारी हसले. कुणावर हसले ते बारा वर्षांच्या मुलाला बरोबर कळलं. तो बाबांच्या मागे उभा होता, त्यांच्या पाठीशी, आणि पुढची सगळी वर्षं त्याला त्या पाठीमागे धरलेल्या हातांचं चित्र दिसत राहिलं. तेविसाव्या वर्षी त्याने लिहिलं, 'तुमच्या दाराशी कुणी आवाज चढवून आलं, तर तुमचे हात कुठे असतात?' मोठ्या साहेबांनी वाचून मान डोलावली होती. "ह्यात धार आहे," म्हणाले होते.

पुस्तक बांधून आलं त्या संध्याकाळी त्याने पहिली प्रत बाबांना नेऊन दिली होती. पहिल्या पानावर त्यांचं नाव घातलं होतं. "वाचा," एवढंच म्हणाला होता. ही भेट नव्हती. दगड कागदात गुंडाळून दिला की पाहणाऱ्याला भेटच वाटते, तसं होतं ते. बाबांनी हात धोतराला पुसतात तसे पायजम्याला पुसले, पुस्तक घेतलं, मागचा फोटो बघितला आणि म्हणाले, "कुऱ्हाड चांगली आहे." मग डोळे चोळत खिडकीशी गेले, "कचरा गेला," म्हणाले. पुढे ते त्या पुस्तकाबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत आणि ह्यानेही विचारलं नाही. प्रश्न कुणी लिहिले हे त्यांना कळलं असण्याची काही शक्यता नव्हती, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. त्यावर त्याची झोप अवलंबून होती असं म्हटलं तरी चालेल. आणि आता ती चार पानं त्याच्यासमोर होती, रेघांवर चौकोनी अक्षरं, आणि प्रत्येक अक्षरावरून डिझायनर मुलीच्या लाल पेन्सिलची रेघ. बाबांनी त्या तेवीस वर्षांच्या पोराच्या प्रश्नांनी स्वतःला खरंच कमी मानलं का, कमी मानूनच ते गेले का, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं, आणि तेच कळून घ्यायची भीती वाटत होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

पहिला प्रश्न, 'घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो?' खाली बाबांनी लिहिलं होतं, 'पोरांच्या आईचा. तो बहुतेक जेवायला या हाच असतो.' मुद्रितशोधकाला हसू आलं आणि ते आल्याचंच आश्चर्य वाटलं. दुसरा, 'तुमचं काम पुरुषाला शोभेसं आहे का?' हा लिहिताना त्याला आपण फार धीट आहोत असं वाटलं होतं. बाबांनी तिन्ही रेघा भरून खाली समासातही लिहिलं होतं. 'आमच्याकडे दोनशे चाळीस खाटा आहेत. चादरीला भोक असलं तर पडून असलेल्या माणसाची टाच त्यात अडकते आणि सोलते. टाच बाईची का पुरुषाची ते भोकाला कळत नाही. शिवण उलटी घातली तर पाठीला रुतते म्हणून मी दोन्हीकडून सपाट घालतो. हे कुणी बघत नाही पण रुतत नाही.' त्याने ते दोनदा वाचलं. शेवटच्या वाक्यात स्वल्पविराम हवा होता. तो द्यायला हात पुढे झाला आणि त्याने हात मागे घेतला. त्याला बाबांची ती खोली आठवली, तळघरातली, छताला अगदी जवळून गेलेले गरम पाण्याचे पाइप, कपाटात छतापर्यंत रचलेल्या चादरी. एकदा ताप आला होता म्हणून आई त्याला तिथे ठेवून शाळेत गेली होती, आणि तो त्या चादरींच्या थप्पीवर झोपला होता. मशीनचा आवाज थांबला की जाग यायची आणि सुरू झाला की पुन्हा झोप लागायची. इतकी चांगली झोप त्याला नंतर कधी लागली नाही. हेही त्याने कधी बाबांना सांगितलं नव्हतं.

तिसरा प्रश्न होता, 'तुम्ही शेवटचे कधी रडलात, आणि ते कुणी पाहिलं?' पुस्तकाच्या चौथ्या धड्यात लेखकाने म्हटलं होतं की खंबीर पुरुष फक्त देवासमोर रडतो. बाबांनी लिहिलं होतं, 'हे पुस्तक हातात आलं त्या दिवशी. खिडकीपाशी. कुणी पाहिलं नाही. थोडं लागलं.' ह्यातले 'थोडं लागलं' हे दोन शब्द त्यांनी स्वतःच आडवी रेघ मारून खोडले होते. आणि खोडलेल्या शब्दांखाली ओळीने टिंबं दिली होती. लाल रेघेमुळे आधी ती त्याला दिसली नव्हती. दिसली तेव्हा त्याने पुस्तक डोळ्यांजवळ घेतलं. ती टिंबं त्यानेच बाबांना शिकवली होती. नोकरी लागली तेव्हा एका रविवारी तो कौतुकाने प्रुफाच्या खुणा दाखवत होता, अक्षर काढायचं असेल तर अशी शेपटी, जागा सोडायची असेल तर असं चिन्ह. आई कंटाळून उठून गेली होती. बाबांनी मात्र विचारलं होतं, "आणि आपण चूक समजून खोडलं, आणि मग कळलं की चूक नव्हतीच, तर?"

"तर खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची. म्हणजे खोडलं ते रद्द. आहे तसं राहू दे."

"आमच्यात त्याला कच्चा धागा म्हणतात, ओढला की घातलेली शिवण सुटते," बाबा म्हणाले होते. "चांगली सोय आहे. माणसांना पण हवी होती."

म्हणजे लागलं होतं. खोडून पाहिलं, आणि मग राहू दिलं. त्याला ज्याची भीती होती ते हे होतं, आणि ते खरं निघालं होतं. गंमत म्हणजे खरं निघाल्यावर ते भीतीपेक्षा लहान वाटलं आणि जास्त दुखलं. चौथा आणि पाचवा प्रश्न त्याने वाचले पण डोळ्यांपुढे अक्षरं ठरेनात. तेवढ्यात धाकटे साहेब दारातून डोकावले. त्यांचं वय पन्नाशीचं, तरी सगळे त्यांना धाकटेच म्हणत.

"झालं का पुसून?"

"चालू आहे."

"कोण लिहितं हो असं पुस्तकात? खरं सांगू, मला ह्या पुस्तकातली ही शेवटची पानंच आवडली. बाकी सगळं ते शूरवीर आणि तलवारी. पण हे प्रश्न जबरदस्त आहेत. लेखकाने अगदी वर्मावर बोट ठेवलंय."

मुद्रितशोधकाने मान हलवली. सदतीस वर्षांत त्याच्या लिहिण्याला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि ती त्याला घशाखाली उतरवता येईना. साहेब गेले. त्याने टेबलाचा खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग पान उलटलं.

सहावा प्रश्न. 'तुमच्या दाराशी कुणी आवाज चढवून आलं, तर तुमचे हात कुठे असतात?' इथे रेघा पुरल्या नव्हत्या. बाबांनी पानाच्या कडेने, वरपासून खालपर्यंत पुस्तक फिरवत फिरवत लिहिलं होतं. पेन्सिल दोनदा बदललेली दिसत होती. मुद्रितशोधकाला पुस्तक हातात धरून फिरवावं लागलं, लहान मूल पाटी फिरवतं तसं.

'ह्या पुस्तकाचा साहेब लाकडं फोडतो. त्याला आमच्या जिन्यातली भानगड कशी कळेल. तेव्हा हे प्रश्न तुझे आहेत हे मी ह्या प्रश्नाला ओळखलं, आणि मग मागे जाऊन सगळे पुन्हा वाचले. तू छान लिहितोस. हात मागे होते, कारण मागे तू होतास. मी शिवत होतो तिथून तू कापडाची मोठी कात्री उचलून आणली होतीस, हे त्याला दिसलं नव्हतं, मला पाठीला टोक लागलं तेव्हा कळलं. एका हाताने तुझं मनगट धरलं, दुसऱ्याने कात्री. तू खूप जोर लावत होतास. बारा वर्षांच्या मानाने फार जोर होता. मी मोठ्याने बोललो असतो तर तू सुटला असतास, म्हणून तो जे म्हणेल त्याला बरोबर आहे म्हणत राहिलो. तो जिना उतरेपर्यंत मला एवढंच काम होतं. तुझ्या आईला मी हे सांगितलं नाही. तुला आठवत असेल असं मला वाटत होतं. आठवत नसेल तर बरंच आहे.'

मुद्रितशोधकाने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उजवं मनगट डाव्या हातात घेतलं. का घेतलं हे त्याला सांगता आलं नसतं. आठवण डोक्यात आली नाही, तिथे आली, मनगटात. हाडाच्या वरच्या बाजूला बाबांचा अंगठा, सुईने भोकं पडून खरखरीत झालेला, आणि खाली चार बोटं. कात्रीच्या लोखंडाचा गारवा. बाबांच्या शर्टाचा पाठीवर घामाने चिकटलेला भाग, त्यावर कात्रीच्या टोकाने पडलेला एक बारीक ओरखडा. आणि तो स्वतः, दात ओठांवर, डोळ्यांत पाणी, घरमालकाच्या पोटाकडे बघत. घरमालकाचं पोट त्याच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होतं, शर्टाचं एक बटण तुटलेलं. ते तुटलेलं बटण त्याला आयुष्यभर आठवत होतं. घरमालकाचा प्रसंग कुणाला सांगताना तो बटणाचा उल्लेख करायचा, लोक हसायचे. आपण त्या बटणाकडे का बघत होतो, हे मात्र त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. अक्षरांच्या इतक्या जवळ जाऊन प्रुफं तपासणारा माणूस अठ्ठेचाळीस वर्षं एका ओळीवरून नजर नुसती सरकवत राहिला होता. मागे धरलेले हात त्याने पाहिले होते, त्यांत काय धरलं आहे ते पाहिलं नव्हतं. तो स्वतःच त्यांत होता.

बाबांच्या पाठीवरच्या त्या ओरखड्याचं पुढे काय झालं, कुणी औषध लावलं, शर्ट कुणी शिवला, काही कळायचा मार्ग नव्हता. शर्ट त्यांनीच शिवला असणार, दोन्हीकडून सपाट. दुसऱ्या दिवशी सायकल खालीच होती, कुलूप लावून, आणि बाबा त्याला शाळेत सोडायला चालत आले होते, एरवी कधी येत नसत. शाळेच्या फाटकाशी त्याच्या मनगटाकडे बघून म्हणाले होते, "बाह्या खाली कर. ऊन आहे." त्याला वाटलं होतं, बाहीचं काय घेऊन बसलाय हा माणूस. आता आठवलं की मनगट निळं पडलं होतं, आणि ऊन नव्हतं.

साडेतीन वाजले. शेवटचा प्रश्न उरला होता, सातवा. तो त्याने पुस्तकाच्या लेखकाच्या थाटात, अगदी भारदस्त लिहिला होता. 'तुमच्या मुलाला तुमच्यात पुरुष दिसतो का? उत्तर त्याच्याकडूनच लिहून घ्या.' खालच्या तिन्ही रेघा कोऱ्या होत्या. रेघांच्या वर, प्रश्न आणि पहिली रेघ ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, बाबांनी लिहिलं होतं, 'हे तुझ्यासाठी ठेवलंय. घाई नाही.'

मुलीच्या लाल पेन्सिलने ह्या ओळीवरही रेघ मारली होती. तिचा दोष नव्हता, तिला सांगितलं होतं तेवढं तिने केलं. बाबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. सव्वीस वर्षं ते पुस्तक घरातल्या फळीवर होतं, हाताला येईल एवढ्या उंचीवर, आणि तो दर रविवारी तिथे जाऊन त्या फळीखालच्या खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा, छापखान्याच्या गोष्टी सांगायचा. बाबा ऐकायचे. एखाद्या वेळी त्यांची नजर वर जायची आणि परत यायची, आणि त्याला वाटायचं, बाबांना झोप येते आहे, आता निघावं. मग अकरा वर्षं ते वाचनालयात होतं. कुणी नेलं नसावं, मागच्या कागदावर एकही तारीख नव्हती. एकूण सदतीस वर्षं घाई नव्हती.

त्याने खणातून आपली पेन्सिल काढली, टोक केलं, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. जिथे जिथे लाल रेघ होती तिथे बाबांच्या शब्दांखाली टिंबं दिली. 'जेवायला या' खाली. टाचेखाली, भोकाखाली, सपाट शिवणीखाली. 'थोडं लागलं' खाली टिंबं आधीच होती, ती त्याने पुन्हा गिरवली नाहीत. कडेने फिरत गेलेल्या त्या लांब ओळीखाली पुस्तक फिरवत फिरवत दिली, एकही शब्द न सोडता, प्रुफावर कधी दिली नव्हती इतक्या काळजीने. मग त्याने स्वतःचे सातही प्रश्न एका सरळ रेघेने खोडले आणि समासात काढून टाकायची शेपटी काढली. हे त्याच्या अधिकारात होतं. लेखकाच्या चुका काढायच्या नसतात, पण इथे लेखक तो स्वतः होता.

चार वाजता मुलगी आली. पान बघून गोंधळली. "काका, हे तर उलटं केलंत तुम्ही. छापील खोडलं आणि पेन्सिलचं ठेवलं."

"ही चार पानं मूळ पुस्तकात नाहीत. मी घातली होती, जागा भरायला. साहेबांना मी सांगतो. तू आधीची पानं घे, ही प्रत उद्या मी वाचनालयाला दुसरी देऊन सोडवून घेतो."

"पण मग फर्म्यात चार पानं कोरी राहतील."

"राहू देत."

"लोकांना वाटेल छापायचं राहून गेलं."

"वाटू दे. कुणी लिहील काहीतरी."

तिने खांदे उडवले. मग तिची नजर शेवटच्या पानावर गेली, तिथल्या तीन कोऱ्या रेघांवर, आणि तिने आवाज थोडा खाली आणून विचारलं, "हे कुणाचं अक्षर आहे?"

"माझ्या वडलांचं. हॉस्पिटलात चादरी शिवायचे." चर्चमध्ये, छापखान्यात, लग्नाच्या बोलणीत, सगळीकडे इतकी वर्षं तो 'हॉस्पिटलात होते' एवढंच सांगत आला होता. "शिवण दोन्हीकडून सपाट घालायचे, म्हणजे रुतत नाही."

मुलीने मान डोलावली. "तुमचं होईतो थांबते मी बाहेर," ती म्हणाली आणि दार नुसतं लोटून गेली.

त्याने पेन्सिल उचलली. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य लिहायचं होतं, आणि हात चालेना. 'हो' लिहावं असं वाटलं, पण त्या प्रश्नाला 'हो' म्हणणं म्हणजे प्रश्न बरोबर होता असं म्हणणं, आणि प्रश्न तर त्याने खोडला होता. पुरुष दिसला का नाही ह्याचं त्याला आता काही पडलं नव्हतं. एक नोंद मात्र अठ्ठेचाळीस वर्षं चुकीची राहिली होती आणि ती दुरुस्त करायची होती, त्याचं कामच ते. पहिल्या रेघेवर त्याने अक्षरं दूर दूर काढत, कापडावर काढतात तशी, लिहिलं, 'बाबा, कात्री माझ्या हातात होती.' लिहिताना डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं होतं, त्यामुळे अक्षर थोडं हललं. खाली दोन रेघा उरल्या. त्या त्याने तशाच ठेवल्या, कारण घाई नव्हती.